जुन्या घरात उंदीर परत परत का येतात?

रात्री दिवे मालवून अंथरुणाला पाठ टेकली की भिंतीतून खुडबुड सुरू होते. सकाळी कपाटाच्या कोपऱ्यात चार काळ्या लेंड्या दिसतात. पिंजरा लावला, दोन उंदीर सापडले, आठवडाभर शांतता. मग पुन्हा तीच खुडबुड. वर्षानुवर्षं हा फेरा सोसलेली माणसं शेवटी हात टेकतात आणि म्हणतात, "जुनं घर म्हटलं की उंदीर आलेच."

हे वाक्य मला मान्य नाही. उंदीर घराच्या वयामुळे येत नाहीत, उघड्या वाटांमुळे येतात. छप्पर गळत असताना आपण नुसती फरशी पुसत बसलो तर प्रत्येक पावसात फरशी ओली होणारच. पिंजरा, चाप आणि विष ही सगळी फरशी पुसण्याची साधनं आहेत. त्यांची गरज असते, पण छप्पर शाकारल्यावर. कीड नियंत्रण करणारे लोक छप्पर शाकारण्याच्या या कामाला 'एक्स्क्लूजन' म्हणतात, म्हणजे उंदराला घरात शिरताच येणार नाही अशी व्यवस्था. आपण त्याला सरळ प्रवेशबंदी म्हणू.

आधी ओळख पटवून घेऊ

मराठीत आपण लहान-मोठ्या सगळ्यांनाच उंदीर म्हणतो आणि तिथेच पहिला घोळ होतो. भिंतींमध्ये आणि कपाटांमध्ये वावरणारा छोटा घरउंदीर वेगळा. गटारातून किंवा छपरावरून येणारा मोठा उंदीर वेगळा. जमिनीत भलंमोठं बीळ करणारी घूस आणखी वेगळी. आणि लांब नाकाची चिचुंद्री तर उंदरांच्या गणातलीच नाही, ती किडे खाणारी आहे.

हा लेख मुख्यतः छोट्या घरउंदराबद्दल आहे. त्याचं शास्त्रीय नाव 'मुस मुस्कुलस'. यातला 'मुस' हा लॅटिन शब्द आणि आपला 'मूषक' एकाच मुळातून आले आहेत. माणसाच्या आसऱ्याने राहायची त्याची सवयही तशीच जुनी आहे. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी, शेती सुरू होण्याच्याही आधी, माणूस एका जागी वस्ती करून राहू लागला तेव्हापासून तो आपल्या सोबत असल्याचे पुरावे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडच्या प्रदेशात मिळाले आहेत.

कोणता पाहुणा आला आहे ते लेंड्यांवरून कळतं. घरउंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते, ३ ते ६ मिलिमीटर, टोकाला निमुळती. मोठ्या उंदराची त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. घरउंदीर दिवसाला पन्नास-पाऊणशे लेंड्या टाकतो, म्हणून लेंड्या पुष्कळ दिसल्या तरी लगेच उंदरांची फौज आली असं समजू नका. मात्र एकच उंदीर असेल असंही धरून चालू नका.

मादी गाभण राहिल्यापासून वेतापर्यंत तीन आठवडे. एका वेतात पाच-सहा पिल्लं, कधी आठही. पिल्लू सहाएक आठवड्यांचं झालं की वयात येतं, म्हणजे आज जन्मलेली मादी नऊ आठवड्यांनी स्वतः आई झालेली असू शकते. आठ उंदीर असलेल्या घरात पाच पकडून आपण निश्चिंत झालो, तर मागे राहिलेले तीन ती तूट फार दिवस राहू देत नाहीत. त्यात बाहेरची वाटही उघडीच असते.

पेन्सिल जाते? मग उंदीरही जातो

उंदराला हाडंच नसतात, म्हणून तो कुठूनही शिरतो, असं लोक म्हणतात. हाडं असतात. फरक इतकाच, की त्याच्या अंगात न दबणारा सगळ्यात रुंद भाग म्हणजे डोकं. खांदे आणि बरगड्या तो आवळून घेतो. एकदा डोकं आत गेलं की बाकीचं शरीर मागोमाग येतं. आणि ते डोकं फारच छोटं असतं. लहान उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते.

हे माप लक्षात ठेवायला पट्टी लागत नाही. साधी लिहायची पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाड असते. ज्या भोकात पेन्सिल जाते ते भोक बुजवायचं, एवढा नियम पुरे. मोठ्या उंदरासाठी अंगठ्याचं माप धरा. माझा अनुभव असा, की हे माप कळल्यावर घराकडे बघायची नजरच बदलते. आपण आजवर भगदाडं शोधत असतो, आणि उंदीर आपण कधी न पाहिलेल्या फटींतून ये-जा करत असतो.

त्याची बाकीची करामतही माहीत असावी. खरखरीत भिंत तो सरळ वर चढतो. जागच्या जागी फूटभर उंच उडी मारतो. वायरवरून धावतो. दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची गरजच असते. लाकूड, प्लास्टिक, रबर, पूर्ण न सुकलेला गिलावा, सगळं तो कुरतडतो. पोलाद, काच आणि नीट मुरलेलं काँक्रीट यांच्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही.

मग जुन्याच घरात इतक्या वाटा कशा?

घर उभं राहतं तेव्हा त्याचे सगळे सांधे घट्ट असतात. पण घर स्थिर नसतं. लाकूड ऋतूमागून ऋतू फुगतं आणि आकसतं, चौकट आणि भिंत यांत फट पडते. जमीन थोडी दबते, जोत्याला भेग जाते. दगड-विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, झिजून चुना गळून पडतो. दाराचा खालचा काठ घासून घासून एका बाजूला उचलला जातो. वळचणीच्या फळ्या कुजतात.

पण माझ्या मते यापेक्षा मोठं कारण वेगळंच आहे. जुन्या घरात प्रत्येक पिढीने काही ना काही नवं घुसवलेलं असतं. आधी पाण्याचे नळ आले, मग वीज, मग टेलिफोन, गॅस, वातानुकूलन, इंटरनेटची वायर. प्रत्येक वेळी कुणीतरी भिंतीला भोक पाडलं, पाइपाच्या मानाने बरंच मोठं, कारण त्यातून पाइप ओवायला सोपं जातं. जुना पाइप काढला तरी भोक तसंच राहिलं. साठ-सत्तर वर्षांत अशी किती भोकं झाली याची नोंद कुणाकडेच नसते.

शिवाय अनेक जुन्या घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. काही ठिकाणी ही पोकळी पायापासून पोटमाळ्यापर्यंत सलग जाते. खाली शिरलेला उंदीर माणसाच्या दृष्टीला न पडता थेट वर पोचतो. म्हणून आवाज एकीकडे आणि वाट दुसरीकडेच, असं होतं. जिथे खुडबुड ऐकू येते तिथेच भोक असेल असं मानून तिथे शोधत बसू नका.

वाट शोधायची कशी

एक टॉर्च, एक पेन्सिल, एक खडू आणि दोन-तीन तास. ही फेरी दोनदा करायची, एकदा बाहेरून आणि एकदा आतून.

बाहेरून घराभोवती जमिनीलगत चालत जा. नुसतं वाकून भागत नाही, गुडघ्यांवर बसा. बहुतेक वाटा जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीच्या आत असतात: पाइप भिंतीत शिरतात त्या जागा, वायरींची भोकं, जोतं आणि भिंत यांचा सांधा, झरोक्यांच्या फाटक्या जाळ्या, दारांचे तळ. पेन्सिल जाईल तिथे खडूने गोल करा. भिंतीला टेकून वाढलेली झुडपं, लाकडांचा ढीग, अडगळ असेल तर ती हातभर लांब सरकवा. त्याशिवाय तिथली भिंत दिसणारच नाही, आणि उंदराला उघड्यावरून चालायला आवडत नाही हा दुसरा फायदा. छपराला टेकलेल्या फांद्याही छाटा.

आतली फेरी दिवसा करा. पोटमाळ्यावर जाऊन दिवा बंद करा आणि पाचएक मिनिटं डोळे सरावू द्या. जिथून उजेडाची रेघ आत येते तिथे फट आहे. खाली तळाच्या फटींसाठी पातळ कागदाची पट्टी धरा. वारा नसताना ती हलली तर तिथून हवा येते आहे. घर आतून उबदार असतं तेव्हा गरम हवा वरच्या फटींतून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला खालच्या फटींतून थंड हवा ओढली जाते, धुराड्यात होतं तसंच. वरच्या फटींतून घरातली ऊब आणि अन्नाचा वास बाहेर झिरपतो, तेव्हा बाहेरच्या उंदराला जणू पत्ताच मिळतो.

माझ्या घरातली मुख्य वाट सापडायला मला फार दिवस लागले. ती स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात होती. सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे प्लास्टिकची एक पांढरी चकती होती, म्हणून भोक बंद आहे असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी सहज ती चकती बोटाने सरकवली. मागे मूठ जाईल एवढं भोक. त्याच्या खालच्या काठावर गिलावा काळपट आणि तुळतुळीत झाला होता, तेलकट हात रोज लागून लागून दाराची कडा होते तसा. आणि त्या काठाला दोन करडे केस चिकटलेले. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, रोज त्याच वाटेने जातो, त्यामुळे त्याच्या अंगाचा तेलकटपणा तिथे साचतो. असा काळा तुळतुळीत काठ दिसला की समजायचं, हा रहदारीचा रस्ता आहे.

खात्री हवी असेल तर भोकासमोर टाल्कम पावडरीचा पातळ थर पसरा. सकाळी त्यावर इवल्याशा पावलांची आणि मधून ओढत गेलेल्या शेपटीची रेघ दिसते.

कशाने बुजवायचं, कशाने नाही

सिंकखालचं ते भोक कारागिराने फुगणाऱ्या फोमने भरून दिलं. दिसायला सुरेख काम. आठवडाभरात फोमच्या मधोमध गोल बोगदा पडला होता आणि कपाटाच्या तळाला पिवळट भुगा. फोम हवा अडवतो, पण उंदराच्या दातांपुढे तो पावासारखा मऊ. कापड, थर्माकोल, रबर आणि नुसतं सिलिकॉन यांचीही तीच गत.

उंदराला अडवतो तो धातू. लहान भोकात तांब्याच्या तारेची विणलेली जाळी किंवा स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा पुंजका, घट्ट कोंबायचा. तारा दातात अडकतात, म्हणून तो नाद सोडतो. साधं स्टील वूल ओलाव्याने गंजून झडतं, म्हणून पाइपाजवळ स्टेनलेस किंवा तांब्याचंच घ्या. नुसतं कोंबून सोडलं तर ओढून काढता येतं, त्यामुळे वरून सिमेंटचा गिलावा किंवा सीलंट लावून ते जागेवर पक्कं करा. माझं ते भोक शेवटी असंच बंद झालं: आत तांब्याची जाळी, वर गिलावा.

झरोके आणि मोठी भोकं यांच्यावर ६ मिलिमीटरहून मोठी घरं नसलेली पोलादी जाळी स्क्रूने बसवा. दाराखाली फट असेल तर तळाला पट्टी लावा. कुरतडलेल्या लाकडी दाराला खालून धातूचा पत्रा मारा.

एक गोष्ट जुन्या घरांपुरती आहे आणि ती फार थोडे लोक सांगतात. भिंत दगड-विटांची असून चुन्यात बांधलेली असेल, तर तिच्या दर्जा सरसकट कडक सिमेंटने भरू नका. चुन्याची भिंत दर्जांमधून ओलावा बाहेर टाकत असते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल विटेत साठते आणि वीटच झडू लागते. अशा भिंतीत मागे धातूची जाळी ठासून पुढे चुन्यानेच दर्जा भरा.

पण आत असलेले उंदीर कोंडले जातील की

रास्त शंका. म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्या दिवशी भोकं बुजवायला घ्याल त्याच दिवशी आत चाप लावा, आणि भरपूर लावा. दोन चाप लावून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा दहा-बारा चाप एकदम लावून चार-पाच रात्री नेटाने पकडलेलं बरं. घरउंदीर आपल्या घरट्यापासून सहसा फार लांब जात नाही, तीन ते नऊ मीटर, एवढाच त्याचा वावर. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला चाप त्याच्या वाटेत येतच नाही.

चाप भिंतीशी काटकोनात ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे, कारण तो भिंतीकडेनेच येणार आहे. चित्रांत दाखवतात ते चीज विसरा. शेंगदाण्याची चिकट पेस्ट वाटाण्याएवढी लावली की पुरे. जास्त लावली तर तो चाप न दाबता कडेकडेने चाटून जातो. घरट्यासाठी तो मऊ वस्तू गोळा करतो, तेव्हा कापसाचा धागा बांधून ठेवला तरी ओढायला येतो. लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांचा हात पोचेल तिथे चाप उघडा ठेवू नका.

चिकट पट्ट्या वापरू नका असं मी कळकळीने सांगेन. त्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो, भीतीने मूत्र सोडतो, आणि शेवटी तो जिवंत असताना त्याचं करायचं काय हा प्रश्न आपल्यापुढे येतो. चांगला चाप क्षणात काम संपवतो. जिवंत पकडणारा पिंजरा लावलात तर तो सकाळ-संध्याकाळ बघा. आत अडकलेला उंदीर उपाशी, तहानलेला मरता कामा नये.

विष घातलं तर एवढा खटाटोप वाचेल ना?

बहुतेक आधुनिक विषं रक्त गोठू देत नाहीत. याची सुरुवात उंदरांपासून झालीच नव्हती. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं रसायन वेगळं केलं, आणि त्यातूनच पुढे वॉरफरिन आलं. १९४८ मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून तेच माणसांना रक्ताच्या गुठळ्यांवरचं औषध म्हणून दिलं जातं. १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये त्याला दाद न देणारे उंदीर आढळले, म्हणून नंतर ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकोम अशी जास्त जहाल विषं आली.

या विषाने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात. तेवढ्यात तो भिंतीत परततो आणि तिथेच मरतो. पोकळ भिंतींच्या जुन्या घरात याचा अर्थ आठवडेच्या आठवडे दुर्गंधी, माश्या, आणि काढता न येणारं कलेवर. तो अर्धमेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्या अंगात जातं. आणि मूळ भोक उघडंच असेल तर रिकाम्या झालेल्या जागेत नवा उंदीर येतो. विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या, विशेषतः ॲल्युमिनियम फॉस्फाइड, राहत्या घरात कधीही वापरू नका. त्या वायूने माणसं दगावतात, बंद दारापलीकडच्या खोलीतलीसुद्धा.

मांजर, आवाजाची यंत्रं, उग्र वास

मांजर काही उंदीर पकडते, पण भिंतीच्या पोकळीत तिला जाता येत नाही आणि उंदीर तिच्या वेळा ओळखून वावरतो. मांजर आवडते म्हणून पाळा. भोकांवरचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नका.

माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या यंत्रांवर मी पैसे घालणार नाही. असा उंच आवाज कपाटाच्या किंवा भिंतीच्या पलीकडे जात नाही आणि उंदराला त्याची चटकन सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना, दाव्यांमागे शास्त्रीय आधार हवा, असा लेखी इशारा दिला होता. पेपरमिंटचं तेल काही दिवसांत उडून जातं.

सगळं बुजवलं तर घर घुसमटणार नाही का?

हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले झरोके बुजवायचेच नाहीत, त्यांना जाळी लावायची. फरशीखालची हवा कोंडली तर लाकडाला वाळवी आणि बुरशी लागते. झीज होऊन पडलेली फट आणि बांधणाऱ्याने ठेवलेला झरोका यातला फरक साधा आहे: झरोक्याला आकार असतो, चौकट असते. शंका वाटली तर जाळीच लावा.

साफसफाई करताना एक काळजी

जुन्या लेंड्या दिसल्या की आपला हात झाडूकडे जातो. तिथेच थांबा. कोरडं झाडलं की त्यातली धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. उंदरांच्या विष्ठा-मूत्रातून हंटाव्हायरससारखे आजार पसरू शकतात, आणि मूत्रातली प्रथिनं दमेकरी मुलांचा त्रास वाढवतात. अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर भिजेपर्यंत फवारा, पाच मिनिटांनी कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात न लावता आधी वीज बंद करा आणि वायरमनला बोलवा. उघड्या पडलेल्या तारांमुळे आग लागते.

काम झालं हे कधी समजायचं?

चाप सलग आठ-दहा रात्री रिकामे राहिले की टाल्कम पावडर पुन्हा पसरा, या वेळी बुजवलेल्या जागांच्या आतल्या बाजूला. पावडरीवर काही न उमटता आठवडा गेला तर वाटा बंद आहेत. पाऊल उमटलं तर कुठेतरी एक भोक राहिलं आहे, आणि ते पाऊल कुठून आलं हे पावडरच दाखवते. खाणं घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. घरउंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम पुरतं, म्हणजे पाळीव प्राण्याच्या ताटलीतले सांडलेले दाणे हीसुद्धा त्याची पोटभर पंगत.

वर्षातून दोनदा, थंडी सुरू होण्याआधी आणि पावसाआधी, पेन्सिल घेऊन तीच फेरी पुन्हा मारा. आणि पुढच्या वेळी नळ, वीज किंवा इंटरनेटचं काम करायला कुणी आलं, तर त्याने हत्यारांची पिशवी आवरायच्या आत खाली वाकून नव्या पाइपाभोवती पेन्सिल घालून पाहा.